स्मिथ सगळे परके, अ‍ॅटनबरो मात्र भाऊबंद

एकाच आडनावाची दोन माणसं भेटली की "म्हणजे आपण भाऊबंदच की!" असं म्हणायची हौस सगळीकडेच असते, आणि ब्रिटन-आयर्लंडकडे तर थुंकी पाठवा, त्यातला डीएनए तपासून तुमच्या घराण्याचा राजा शोधून देतो म्हणणाऱ्या कंपन्याही आहेत. यात तथ्य किती? काही आडनावांत भरपूर, काहींत शून्य.

तिकडे आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि वाय क्रोमोसोमही (फक्त पुरुषांत असणारं गुणसूत्र, म्हणजे डीएनएची एक गुंडाळी) तसाच जातो. बाकीच्या क्रोमोसोमची दर पिढीत सरमिसळ होते, वाय मात्र जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. त्यात काही ठिकाणी डीएनएच्या चार अक्षरांचा तुकडा सलग १२-१३ वेळा आलेला असतो, कॉपी होताना क्वचित एखादा वाढतो नाहीतर गळतो. अशा बऱ्याच जागांचे आकडे दोघांत जुळले तर त्यांचा सामाईक मूळपुरुष काही शतकांमागचा, अजिबात जुळले नाहीत तर फार फार जुना.

इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचे वाय तपासले. अ‍ॅटनबरो हे दुर्मिळ, गावावरून पडलेलं आडनाव, त्यात दहापैकी जवळपास नऊ जण एकाच वंशातले निघाले. स्मिथ म्हणजे लोहार, त्यातले कुठलेही दोघे घ्या, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाइतकेच परके. साहजिकच आहे, आपल्याकडे गावोगाव वेगळा कुलकर्णी तसा तिकडे गावोगाव वेगळा लोहार.

पण दुर्मिळ आडनाव घेणारा पहिला माणूस एकच होता असं लगेच समजू नका, खरी गंमत इथेच आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनला प्रश्न पडला होता की बडी बडी घराणी नामशेष का होतात, आणि १८७४ मध्ये त्याने हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाबरोबर त्याचं गणित मांडलं. समजा प्रत्येकाला सरासरी एक मुलगा होतो, पण कुणाला शून्य, कुणाला तीन, सगळं निव्वळ नशिबावर (गणिताच्या भाषेत प्वासाँ वितरण). पहिल्याच पिढीत १०० पैकी ३७ जणांना मुलगाच नाही, म्हणजे तेवढी घराणी तिथेच संपली, आणि २० पिढ्यांनी जेमतेम ९ उरतात! ना रोगराई, ना युद्ध, ना कुणाचा शाप. म्हणजे सुरुवातीला दहा जणांनी एकच आडनाव घेतलं असेल तरी आज त्यातल्या एकाचाच वंश शिल्लक असू शकतो, आणि आपण त्यालाच एकमेव मूळपुरुष समजून बसतो.

शिवाय दत्तक, आईचं आडनाव लावणं, लग्नाबाहेरची मुलं यांनीही साखळी तुटते. लेस्टरच्या पार्किंगखाली २०१२ मध्ये राजा तिसरा रिचर्ड सापडला, आईकडून येणारा डीएनए नातेवाइकांशी जुळला, पण पुरुषवंशातले म्हणून ज्यांची कागदोपत्री नोंद होती त्यांचा वाय जुळलाच नाही. भरभक्कम वंशावळी असलेल्या खानदानाची ही कथा!

आयर्लंडमध्ये 'ओ' म्हणजे वंशज आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. २००६ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजला दिसलं की वायव्य आयर्लंडात साधारण दर पाच पुरुषांत एकाकडे एकाच धाटणीचा वाय आहे, आणि गॅलेगर, ओडॉनेल, बॉइल अशा आडनावांत तो जास्त. लगेच त्याला दंतकथेतल्या नियाल राजाचं नाव चिकटलं, सर्टिफिकिटंही विकली गेली. आता नियालचं हाड कुणाकडे आहे का ताडून बघायला? आणि ही खूण बहुधा त्याच्याही आधीची आहे असं पुढे दिसलं ते वेगळंच.

वेल्सचे जोन्स (म्हणजे जॉनचे) तर या खेळात जवळपास बादच. तिथे आडनावं उशिरा स्थिरावली, तीही बापाच्या नावावरून, आणि बापांची नावं मोजकीच, त्यामुळे जॉनची मुलं जिकडे तिकडे आणि एकमेकांशी काही संबंध नाही.