कोर्स केला म्हणून कुणी धंद्यात पडत नाही

उद्योजकतेचा विषय शिकवला की मुलं धंद्याकडे वळतात, हा समज बिझनेस कॉलेजांच्या माहितीपत्रकांनी जोपासलाय. नेदरलँड्समध्ये संशोधकांनी तो तपासून पाहिला. निष्कर्ष २०१० साली छापून आले. एकाच कॉलेजच्या दोन गावांतल्या शाखा. एकीकडे मुलांना वर्षभर छोटी कंपनी चालवणं सक्तीचं: शेअर विकून भांडवल उभारा, माल विका, शेवटी हिशेब चुकते करून गाशा गुंडाळा. दुसरीकडे यातलं काहीच नाही. कंपनी चालवलेल्या मुलांची धंद्याची इच्छा चक्क घटली! कौशल्यंही विशेष वाढली नाहीत. धंद्यातली खरी दगदग कळली असावी, असा संशोधकांचा कयास. माझ्या मते हे कोर्सचं अपयश नव्हे. घरचे पैसे बुडवून कळण्यापेक्षा वर्गात कळलेलं बरं. शिवाय कोर्स केला तरी धंद्यात पडण्याआधी घरचे काय म्हणतील आणि आपल्याला जमेल का, हे प्रश्न उरतातच.