सोळा मिनिटांच्या तबकडीची जन्मकथा

ब्रिटिश गायक-गीतकार बिली ब्रॅग यांची ‘लाइफ्स अ रायट विथ स्पाय व्हर्सेस स्पाय’ ही १९८३ सालची पहिली ध्वनिमुद्रिका जेमतेम सोळा मिनिटांची आहे. सात गाणी, एक आवाज आणि एक इलेक्ट्रिक गिटार, एवढाच तिचा पसारा. हा आटोपशीरपणा पुढे त्यांची शैली म्हणून वाखाणला गेला, तरी मुळात तो परिस्थितीने लादलेला होता.

लंडनच्या पूर्वेकडील बार्किंग येथे जन्मलेल्या ब्रॅग यांनी १९७७ च्या पंकच्या, म्हणजे आक्रमक, साध्यासुध्या रॉक संगीताच्या, लाटेत ‘रिफ रॅफ’ हा बँड काढला. तो मोडल्यावर, १९८१ मध्ये, ते सैन्याच्या चिलखती दलात दाखल झाले आणि तीन महिन्यांतच १७५ पौंड भरून त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली. बँड उरला नव्हता, म्हणून ते एकटेच गाऊ लागले, आणि ड्रमची उणीव गिटारच्या तारांवरील आघातांनीच भरून निघू लागली.

टीव्ही दुरुस्त करणारा असल्याची बतावणी करून ते ‘करिष्मा’ या रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीत तेथील अधिकारी पीटर जेनर यांच्यापर्यंत पोहोचले. जेनर यांना गाणी पसंत पडली, परंतु कंपनीच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. त्यामुळे ‘चॅपेल’ या संगीतप्रकाशन संस्थेसाठी फेब्रुवारीतील तीन दुपारी केलेले नमुन्यादाखलचे ध्वनिमुद्रणच तबकडी म्हणून बाजारात आणायचे ठरले. आरेखनकार बार्नी बबल्स यांनी तिचे वेष्टन जुन्या पेंग्विन पुस्तकांच्या धर्तीवर केले, आणि ‘२.९९ पौंडांहून अधिक देऊ नये’ अशी सूचना त्यावर ठळक छापली गेली. दुकानदाराला तरी हे आवडले नसावे.

बीबीसीचे निवेदक जॉन पील यांनी मशरूम बिर्याणीची इच्छा प्रसारणातच बोलून दाखवताच ब्रॅग बिर्याणी आणि तबकडी घेऊन थेट हजर झाले. पील यांनी गाणे लावले, पण मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी ३३ च्या गतीने! नोव्हेंबरमध्ये ‘गो! डिस्क्स’ या रेकॉर्ड कंपनीने ती पुन्हा काढली आणि जानेवारी १९८४ मध्ये ती ब्रिटिश अल्बम-यादीत ३० व्या क्रमांकावर पोहोचली.

पुढल्याच वर्षी गायिका कर्स्टी मॅकॉल यांनी या तबकडीतील ‘अ न्यू इंग्लंड’ गाऊन ब्रिटनच्या एकेरी गाण्यांच्या यादीत सातवा क्रमांक मिळवला. मात्र मूळ गाणे त्यांना फारच लहान वाटल्यामुळे ब्रॅग यांना त्यासाठी आणखी एक कडवे लिहून द्यावे लागले.