न्हाणीची चूल

न्हाणीची चूल : अंघोळीचे पाणी तापविण्यासाठी घरालगत कायमची मांडलेली चूल. कोकण किनारपट्टीवर थंडी बेताची असल्याने घर ऊबदार ठेवण्यासाठी शेगडी क्वचितच लागते. तेथे घरच्या तापवणीचा मोठा भार या चुलीवर किंवा तांब्याच्या बंबावर असतो.

मांडणीत पहिला प्रश्न जागेचा. चूल बंद न्हाणीघरात न ठेवता मागील पडवीत किंवा परसात मांडणे योग्य, कारण अपुऱ्या हवेत जळण जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक सहजतेने जोडला जातो. चुलीचे तोंड नैर्ऋत्येला नसावे, नाहीतर पावसाळी वारा धूर आणि ठिणग्या घरात लोटतो. पावसात ओले कपडे वाळावेत म्हणून चुलीवरच वलणी बांधण्याची सवय घरोघरी दिसते. सोयीची असली तरी ती आगीला आमंत्रणच आहे. झापांचे (विणलेल्या झावळ्यांचे) छप्परही ज्वाळेपासून दूर हवे.

जांभ्याच्या चिऱ्यांनी तीन बाजू रचून त्या मातीने लिंपतात. हंडा आणि चिरे यांच्यात धूर जाण्यापुरतीच फट ठेवली, तर ज्वाळा हंड्याला वेढते. उघड्या तीन दगडांवर मात्र बरीचशी उष्णता वाया जाते. वीस लिटर पाणी २५ वरून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास सुमारे १.७ मेगाजूल उष्णता लागते. ती शंभरेक ग्रॅम वाळक्या लाकडात असते, पण दहा टक्केच कामी आली तर किलोभर लाकूड जाळावे लागते. ओल्या लाकडाची उष्णता आधी त्यातीलच पाणी आटविण्यात खर्ची पडते. म्हणून करवंट्या, सोडणे (नारळाची तंतुमय साले) व चुडते (वाळक्या झावळ्या) पावसाआधीच वाळवून आडोशाला रचून ठेवतात. करवंटी भडकून जळते, सोडण धुमसत राहते; पेटवायला एक, धग टिकवायला दुसरे.

बंबात जळणाची नळी पाण्याच्या मधून वर जाते, त्यामुळे तिची सगळी बाजू पाण्याला उष्णता देते. तो जाळीखालून हवा खेळेल आणि तोटीखाली बादली मावेल इतक्या उंच, सपाट बैठकीवर ठेवतात. राख साचली की हवा अडते व धूर वाढतो. पाणी न भरता पेटविल्यास सांध्यांचा डाख (जोडकामाचा मऊ धातू) वितळून बंब गळू लागतो. तेव्हा आधी पाणी, मग विस्तव.