1097 आणि ई-संजीवनी, दोन्ही फोनवरच, पण काम वेगळं

परवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आवारात चंदगडकडच्या एक मावशी भेटल्या, पहाटेच्या एसटीनं आलेल्या, एआरटीचं म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराचं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलेलं. म्हणाल्या, "बाळा, छातीत लई जळजळ हुतीया म्हणून 1097 ला फोन लावला, तर त्यांनी औषधच सांगितलं नाही, डॉक्टरांना विचारा म्हणाले."

त्यांनी बरोबरच सांगितलं होतं. पण गावाकडं 1097 आणि ई-संजीवनी दोन्हीला "सरकारी फोनवरचे डॉक्टर" म्हणतात, त्यामुळं हा गोंधळ होतो.

1097 ही नॅकोची, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची एचआयव्ही हेल्पलाईन, 1 डिसेंबर 2014 ला सुरू झालेली. टोल-फ्री आहे, साध्या बटणाच्या फोनवरूनही लागते, नेट लागत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. समोर असतो तो समुपदेशक. टेस्ट कुठं करायची, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आता पुढं काय, नवऱ्याला कसं सांगू, जवळचं सेंटर कुठलं, असलं सगळं मोकळेपणानं विचारा, पण औषधाची चिठ्ठी लिहून देणं त्यांचं काम नाही.

ई-संजीवनी ही केंद्र सरकारची टेलिमेडिसिन सेवा, तिची ओपीडी एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनमध्येच चालू झाली. इथं व्हिडिओवर खरे डॉक्टर असतात, मोबाईलवर ओटीपी येतो आणि चिठ्ठीपण मोबाईलवरच मिळते. स्मार्टफोन नसेल तर गावच्या आरोग्य केंद्रातनं तिथले सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, जोडून देतात. गगनबावड्याकडं नाहीतर राधानगरीच्या वाड्यांवर पावसाळ्यात एका तापासाठी आख्खा दिवस मोडायचा म्हणजे मजुरी बुडाली, तिथं याचा फार मोठा आधार आहे. फक्त ही सेवा खास एचआयव्हीसाठी नाही, समोरच्या डॉक्टरांना तुमचं काहीच माहीत नसतं, तुम्ही सांगाल तेवढंच.

आणि लोक नेमकं तेच लपवतात. कारण कळतं हो मला, घरात फोन एकच, ओटीपी पोराच्या मोबाईलवर, खोली एकच आणि पडद्यामागं सासू, अशा वेळी "मला एआरटी चालू आहे" हे वाक्य तोंडातनं निघत नाही. पण ते निघायलाच पाहिजे. सध्या बहुतेकांना रोजची एकच गोळी असते, टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर. यातल्या डोल्युटेग्रॅव्हिरचं जळजळीच्या औषधांशी जमत नाही, म्हणजे ज्यात अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम असतं ती, ती पोटात असली की गोळी नीट अंगात शोषलीच जात नाही. म्हणून गोळी आधी घ्यायची आणि असलं औषध निदान 2 तासांनी, नाहीतर औषध आधी झालं असेल तर गोळी 6 तासांनी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर, फक्त त्या जेवणाबरोबर एकत्र घेतल्या तर चालतात. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू झालं तर डोल्युटेग्रॅव्हिरचा डोस वाढवावा लागतो. हे डॉक्टरांनी बघायचं, पण त्यांना कळलं तर ना. मोठ्यानं बोलता येत नसेल तर आधी चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि व्हिडिओसमोर धरा. एचआयव्हीचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, साधारणपणे तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती कुणाला सांगता येत नाही.

एआरटीची बाटली मात्र दोन्हीकडनं येत नाही. ती एआरटी सेंटरवरच, नाहीतर तब्येत स्थिर असेल तर जवळच्या लिंक एआरटी सेंटरवर मिळते, आणि स्थिर पेशंटला एकदम काही महिन्यांच्या गोळ्या देतात का हे तिथं नक्की विचारा, खेपा वाचतात. व्हायरल लोडचं, म्हणजे अंगात विषाणू किती आहे ते बघायचं रक्त काय फोनवरनं जात नाही, त्याला यावंच लागतं.

हे सगळं बोलत असताना मावशींनी पिशवीतनं जळजळीच्या गुलाबी सिरपची बाटली काढली, मेडिकलमधनं आणलेली, निम्मी संपलेली. रोज रात्री जेवण झालं की आधी गोळी आणि लगेच वर दोन चमचे हे, असं चाललेलं. कधीपासनं विचारलं तर बोटं मोजत म्हणाल्या, नागपंचमीपासनं. मी म्हटलं मावशी, ही बाटली तशीच घेऊन आत चला, डॉक्टरांना दाखवू. सकाळपासनं पोटात चहासुद्धा नव्हता, तरी त्या उठल्या आणि परत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.