पार्श्वभूमी: कुलपी गोळ्यापासून ‘निकामी’ बॉम्बपर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यात जुना दारूगोळा दोन वाटांनी लोकांच्या हाती लागू शकतो. एक वाट गडांची: तटाची डागडुजी, टाक्यातला गाळ, पायवाटेची खुदाई. दुसरी भंगाराची: शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजीच्या फाउंड्र्यांत भट्टीसाठी येणारा लोखंडी माल. दोन्हीकडची बातमी सारख्याच शब्दांत येते. पहिल्या दिवशी ‘बॉम्बसदृश वस्तू’, दुसऱ्या दिवशी ‘निकामी’. नेमकं काय सापडलं, हे या दोन शब्दांतून कळत नाही.

जुनी मराठी याबाबत जास्त काटेकोर होती. भरीव गोळा वेगळा आणि कुलपी गोळा वेगळा. कुलपी म्हणजे आतून पोकळ, पोटात दारू कोंडून तोंड बंद केलेला, पडल्या जागी फुटणारा. तो मुख्यतः गरनाळेसारख्या आखूड, रुंद तोंडाच्या तोफेतून उंच उडवून तटापलीकडे टाकायचा. भरीव गोळा सरळ तटावर हाणायचा. १६६० च्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफ आणि दारूगोळा घेऊन पन्हाळ्याखाली आले होते. पुढे १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावात कंपनीच्या फौजेने सामानगड आणि पन्हाळ्यावर तोफा डागल्या. त्यामुळे इथल्या मातीतला प्रत्येक गोळा ‘शिवकालीन’ म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. दोन वेढ्यांत जवळजवळ दोनशे वर्षांचं अंतर आहे.

भरीव गोळ्यावर साच्याच्या दोन फाळक्यांची सांधारेषा आणि ओतीव धातू शिरला तिथला खरबरीत ठिपका दिसू शकतो. आरपार नसलेलं गोल भोक दिसलं, तर तो कुलपी. अडचण अशी की गंजाच्या खपल्या आणि माती ते भोक बेमालूम बुजवतात. वजनाचा हिशोब सोपा आहे: १० सेंटिमीटर व्यासाचा भरीव बिडाचा गोळा पावणेचार किलोच्या आसपास भरतो आणि तेवढाच काळ्या पाषाणाचा दीड किलोच्या. लोखंडी गोळा ठळकपणे हलका भरला, तर आत पोकळी आहे. पण हा हिशोब संग्रहालयातल्या, आधी तपासून झालेल्या गोळ्यासाठी. जमिनीतून नुकताच निघालेला गोळा उचलून तराजूवर ठेवायचा नाही. काळी दारू भिजली तर पेटत नाही, मात्र वाळल्यावर ती पुन्हा कामाची होऊ शकते. वयाने ती मरत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियात २००८ साली गृहयुद्धाच्या काळातला एक गोळा साफ करताना संग्राहकाचा जीव गेला, तेव्हा त्या गोळ्याला जवळपास दीडशे वर्षं झाली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तोफेच्या नळीत पीळदार खाचा आल्या, गोळा लांबट झाला आणि त्याच्या बुडाजवळ तांब्याचा पट्टा बसला. ओळख पटवणाऱ्यासाठी हा पट्टा सर्वांत बोलका भाग. तो गुळगुळीत असेल तर गोळा तोफेतून गेलेला नाही. त्यावर तिरप्या, सारख्या अंतराच्या खाचा उमटल्या असतील तर गेलेला आहे. उखळी तोफेच्या बॉम्बला सहसा असा पट्टा नसतो. त्याला शेपटीचे पंख असतात, आणि शेपटीच्या टोकाशी बारीक खळगा पडलेला दिसला तर तिथे डागताना घाव बसलेला असतो.

आता ‘निकामी’ या शब्दाकडे. मराठीत तो दोन उलट्या अर्थांनी चालतो. ‘पथकाने बॉम्ब निकामी केला’ म्हणजे धोका काढून टाकला. ‘गोळा निकामी निघाला’ म्हणजे डागला, पण फुटला नाही. पहिली वस्तू त्यातल्या त्यात सुरक्षित, दुसरी सर्वांत घातक. कारण फ्यूजमध्ये, म्हणजे गोळा फोडणाऱ्या यंत्रणेत आहे. आधुनिक गोळ्याचा फ्यूज कोठारात असताना अडवलेला असतो. तोफेतून सुटतानाचा जबर धक्का आणि गोळ्याची गरगर, या दोन्हींनी ती अडवणूक निघते. डागलेल्या गोळ्यात ती निघून गेलेली असते आणि फक्त शेवटचं पाऊल राहिलेलं असतं. ते कधी पडेल, बाहेरून सांगता येत नाही. लष्करात अशा गोळ्याला ‘ब्लाइंड’ म्हणतात. ‘मिसफायर’ वेगळा, तो नळीतून सुटलेलाच नसतो. पंचनाम्यात ‘निकामी’ हा शब्द येऊच नये. ‘डागलेला, न फुटलेला’ असं लिहिलं तर वाचणारा चार पावलं मागे सरेल. ‘निकामी’ वाचून तो हात लावतो.

‘फ्यूज’ शब्दानेही गोंधळ वाढवला. घरातला विजेचा फ्यूज, सुरुंगाची जळती वात आणि गोळ्याच्या टोकावरची यंत्रणा, तिन्हींना आपण एकच नाव दिलं. इंग्रजीत यांत्रिक फ्यूज झेडने लिहिण्याचा लष्करी रिवाज आहे, वात एसने. देवनागरीत तो भेद पुसला जातो. म्हणून ‘वात दिसत नाही, म्हणजे फ्यूज नाही’ असं लोक समजतात. फ्यूज बुडातही असू शकतो.

रंगावर भिस्त ठेवू नये. हल्लीच्या पद्धतीत हिरवट अंगावर पिवळी खूण म्हणजे स्फोटक, निळा म्हणजे सरावाचा. पण दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश स्फोटक गोळा अख्खा पिवळसर असायचा. शिवाय गंजात रंग आधी जातो. सरावाच्या गोळ्यातही पडल्याची जागा दाखवणारी थोडी दारू असू शकते.

भंगाराच्या वाटेला आजचं वळण लागलं ते २००४ च्या सप्टेंबरअखेर. गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशी भंगारातून आलेल्या तोफगोळ्यांचा स्फोट झाला आणि १० कामगार गेले. त्यानंतर आयात भंगारावर नियम कडक झाले. तुकडे न केलेल्या मालाला ठरावीक बंदरं आणि जहाजावर चढण्याआधीच्या तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. नियम योग्यच होता, पण तो बंदरावर थांबतो. देशातल्या फायरिंग रेंजभोवती तांब्या-पितळेसाठी वेचलेला माल त्या दाखल्यात येत नाही, आणि फाउंड्रीच्या यार्डात तो निवडणाऱ्या कामगाराला कुणी हे शिकवत नाही.

त्या कामगाराला खरं तर थोडंच सांगायचं आहे. दोन्ही तोंडं बंद असलेला कोणताही नळकांडा बाजूला काढायचा, मग तो शॉकअब्सॉर्बर का असेना. आत अडकलेलं पाणीसुद्धा चौदाशे अंशांच्या रसात वाफ होऊन भट्टी उडवतं. तांब्याचा पट्टा, पंखांची शेपटी, चौकड्यांच्या खाचांचं बिडाचं अंडाकृती कवच (हे ३६ नंबरच्या हातबॉम्बचं) किंवा बुडाची टोपी शाबूत असलेली पितळी पुंगळी दिसली, की मॅग्नेट क्रेन जागेवर थांबवायची. गॅस कटर बंद करायचा, वस्तू हलवायची नाही, पाणी मारायचं नाही. लांबून फोटो काढायचा, माणसं आडोशापलीकडे न्यायची आणि ११२ ला कळवायचं. फोनवर सांगायचं ते एवढंच: लांबी अंदाजे किती, पट्टा आहे का, शेपटी आहे का, टोकाला काही बसवलेलं दिसतं का.