ऑपरेशननंतर आजी-आजोबा उठत नाहीत: फ्रेल्टी की वेदना?

सत्तरी-ऐंशीतला माणूस ऑपरेशननंतर पडून राहतो, दोन घासांवर ताट सरकवतो, फिजिओथेरपिस्ट आले की "आज नको" म्हणतो. अशा वेळी घरातल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: वय झालंय, अशक्तपणा आलाय. ते कधी बरोबरही असतं. पण पुष्कळदा त्या माणसाला नुसतं दुखत असतं आणि ते कुणी नीट विचारलेलं नसतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र वेगळे आहेत.

डॉक्टर ज्याला फ्रेल्टी म्हणतात ते नुसतं म्हातारपण नव्हे. शरीराची राखीव ताकद इतकी आटलेली असते की साधा ताप किंवा छोटं ऑपरेशनही माणसाला आडवं करतं. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये तिच्या पाच खुणा मांडल्या: वर्षभरात आपोआप साडेचार किलोंहून जास्त वजन घटणं, सततचा थकवा, चालण्याचा वेग मंदावणं, मुठीची पकड सैल होणं आणि एकूण हालचाल कमी होणं. पाचांपैकी तीन असतील तर फ्रेल्टी, एक-दोन असतील तर माणूस तिच्या उंबरठ्यावर. या यादीत वय नाही, हे ध्यानात घ्या. पंच्याऐंशीव्या वर्षी एकही खूण नसलेली माणसं असतात आणि पासष्टीला चार खुणा असलेली असतात.

फ्रेल्टी हळूहळू येते, महिनोन्‌महिने. म्हणून ती ओळखायची तर खाटेवरच्या माणसाकडे बघून नव्हे, मागे वळून. केनेथ रॉकवुड यांच्या गटाने 2005 मध्ये मांडलेली क्लिनिकल फ्रेल्टी स्केल वापरताना रुग्णाची आजची अवस्था धरत नाहीत, आजारपणाच्या साधारण दोन आठवडे आधीची धरतात. आजोबा तेव्हा एकटे अंघोळ करत होते का? जिना चढताना कठड्याला धरून थांबत होते का? ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यापर्यंत सगळं स्वतःचं स्वतः करणारा माणूस ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी उठत नसेल, तर तीन दिवसांत फ्रेल्टी आलेली नाही. दुसरं कारण शोधायला हवं, आणि माझ्या मते पहिला प्रश्न वेदनेचा असावा.

तो प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा विचारला जातो. निपचित पडलेल्या माणसाला "दुखतंय का?" विचारलं तर तो "नाही" म्हणतो, आणि ते खरंच असतं. हललं नाही तर दुखत नाही, म्हणून तर तो हलत नाही. खोकताना, कूस बदलताना, पाय खाली सोडताना किती दुखतं ते विचारा. शून्य ते दहा असा आकडा अनेक वृद्धांना सांगता येत नाही. अजिबात नाही, थोडं, बरंच, असह्य, असे शब्द पुढे ठेवा. काहीजण दुखतं असं म्हणतच नाहीत. ठणकतंय, कळ येते, ताण बसतो, अवघडलंय म्हणतात. तेही वेदना म्हणूनच नोंदवायला सांगा.

स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. त्यांना सांगता येत नाही म्हणजे दुखत नाही असं नव्हे. त्यांच्यासाठीच्या पेनॅड या मोजपट्टीत पाच गोष्टी बघतात: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची चुळबुळ किंवा ताठरपणा, आणि समजावल्यावर माणूस शांत होतो की नाही. हे घरच्या माणसाला परक्या नर्सपेक्षा लवकर कळतं. रुग्णाचा चेहरा तुम्ही वर्षानुवर्षं पाहिलेला आहे.

फरक कळायला एक साधी वाट आहे. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घेतल्यावर तासाभराने उठवून बघायचं. तेव्हा माणूस सहज बसला, चार पावलं चालला, तर अडवणारी वेदनाच होती. दुखणं कमी झालं, पण खुर्चीतून उठताना पाय थरथरतात, हातांच्या आधाराशिवाय जमत नाही, तर ताकदच कमी आहे. हा पक्का पुरावा नव्हे, पण डॉक्टरांना सांगण्याजोगी माहिती नक्कीच आहे.

अवघड भाग पुढे आहे, कारण या दोन गोष्टी एकमेकींना पोसतात. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना 10 दिवस खाटेवर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं चरबीविरहित वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, किलोभराच्या आसपास घटलं. तेही आजार नसताना! म्हणजे दुखण्यापायी पडून राहिलेला धडधाकट म्हातारा खरोखरच फ्रेल्टीकडे ढकलला जातो. उलट बाजूने, आधीच फ्रेल असलेल्याला वेदनाशामकं देणं जोखमीचं असतं. ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी किडनी आणि जठराला धोका, अफूवर्गीय औषधांनी गुंगी आणि बद्धकोष्ठ. त्या गुंगीलाच अशक्तपणा समजलं जातं ते वेगळंच. या भीतीने औषध इतकं कमी दिलं जातं की वेदना तशीच राहते. पण न शमलेली वेदनाही निरुपद्रवी नाही. खुबा मोडलेल्या रुग्णांच्या 2003 च्या एका अभ्यासात, अफूवर्गीय औषध फारच कमी मिळालेल्यांना भ्रम होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. यातून निघणारा मार्ग औषध टाळण्याचा नाही, नेमकं देण्याचा आहे: वेळच्या वेळी पॅरासिटामॉल, शक्य तिथे नसेजवळ भूल देणारा नर्व्ह ब्लॉक, आणि जोरदार औषध लागलंच तर लहान मात्रेपासून सुरुवात.

अचानक असंबद्ध बोलणं, दिवसभर गुंगीत राहणं, ताप, धाप, लघवी बंद होणं यांपैकी काही दिसलं तर वेदना की फ्रेल्टी हा विचार करत बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

घरी आल्यावर दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवायचे. दुखणं आठवड्यागणिक उतरायला हवं. तीन महिन्यांनंतरही टिकलं तर ती स्वतंत्र तक्रार आहे, तिच्यासाठी डॉक्टरांकडे जायचं. गेलेली ताकद मात्र गोळीने परत येत नाही. तिला पुरेशी प्रथिनं आणि स्नायूंवर भार देणारा व्यायाम लागतो, आणि त्या व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक घ्यायचं का, हे घरी जातानाच डॉक्टरांना विचारून घ्या.