सुधारणा आणि खुलीकरण (चीन)

चीनने डिसेंबर १९७८ पासून राबवलेल्या आर्थिक बदलांना ‘सुधारणा आणि खुलीकरण’ या नावाने ओळखले जाते. कम्युनिस्ट पक्षाची एकहाती सत्ता कायम ठेवायची आणि शेती, व्यापार, किमती, गुंतवणूक यांवरची सरकारी पकड हळूहळू सैल करायची, असे या धोरणाचे थोडक्यात स्वरूप. १९७८ मध्ये चीनचे दरडोई उत्पन्न भारतापेक्षाही कमी भरत होते. २०१० मध्ये जपानला मागे टाकून चीन जगातली दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था झाला. या वाटचालीला सर्रास चमत्कार म्हटले जाते आणि सगळे श्रेय त्या काळचे चीनचे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग यांच्या दूरदृष्टीला देऊन लोक मोकळे होतात. घटनाक्रम नीट पाहिला तर तसे दिसत नाही. बहुतेक मोठे बदल आधी कुठल्या तरी कोपऱ्यात, चालू नियम मोडून सुरू झाले. ते लगेच चिरडायचे नाहीत, काही काळ काणाडोळा करायचा आणि निभावते आहे असे दिसले की त्यावर शिक्का मारायचा, हे पक्षाचे खरे कसब.

माओ त्से तुंग यांचे ९ सप्टेंबर १९७६ रोजी निधन झाले तेव्हा देश सांस्कृतिक क्रांतीच्या, म्हणजे माओंनी छेडलेल्या राजकीय शुद्धीकरण मोहिमेच्या, दहा वर्षांनी खिळखिळा झाला होता. त्याआधी १९५८ च्या ‘मोठ्या झेपे’ने शेतकऱ्यांना कम्यूनमध्ये (सक्तीच्या सामूहिक शेतीत) कोंबले, परसात लोखंड वितळवायला लावले, आणि त्यातून ओढवलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसे दगावली. आकड्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत अंदाज केले जातात. मात्र वारशाने आलेले सगळेच टाकाऊ नव्हते. १९४९ मध्ये पस्तिशीच्या आसपास असलेले सरासरी आयुर्मान १९७८ पर्यंत पासष्टीच्या पुढे गेले होते आणि खेड्यातल्या मुलीही शाळेत जात होत्या. पुढे कारखान्यांना जो धडधाकट, लिहितावाचता कामगार मिळाला, तो याच काळात घडला होता.

सुधारणांची सुरुवात म्हणून पक्षाच्या अकराव्या केंद्रीय समितीच्या डिसेंबर १९७८ मधील तिसऱ्या अधिवेशनाकडे बोट दाखवले जाते. गंमत अशी की याच अधिवेशनात शेतीविषयक जो मसुदा मान्य झाला, त्यात जमीन कुटुंबांना वाटून देण्यास स्पष्ट मनाई होती. आणि त्याच्या काही आठवडे आधीच आन्हुई प्रांतातील फेंगयांग तालुक्यातल्या श्याओगांग या खेड्यात नेमके तेच घडून गेले होते. हे गाव इतके गरीब की हिवाळ्यात माणसे भीक मागायला बाहेर पडत. अठरा शेतकऱ्यांनी रात्री एका घरात बसून कागदावर करार केला : कम्यूनची जमीन घरोघर वाटून घ्यायची, सरकारचा लेव्हीचा वाटा आधी भरायचा, पुन्हा सरकारपुढे धान्यासाठी हात पसरायचे नाहीत; आणि यापायी गावच्या पुढाऱ्यांना तुरुंगात जावे लागले, तर त्यांची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. खाली नावे आणि अंगठे. पुढच्या हंगामात गावाने सुमारे ६६ टन धान्य पिकवले, पूर्वीच्या कित्येक पट. प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी कारवाई करायची सोडून हे चालू दिले. सिच्वान प्रांतात झाओ झियांग यांनीही अशीच ढील दिली होती. वरून मान्यता आली ती तुकड्यातुकड्याने. १९८० मध्ये फक्त गरीब भागांपुरती सवलत मिळाली, १९८२ च्या केंद्रीय दस्तऐवजात उघड पाठिंबा आला, आणि १९८३ अखेरीस जवळपास सगळी शेतकरी कुटुंबे या पद्धतीत आली. जमिनीची मालकी मात्र गावाच्या सामूहिक संस्थेकडेच राहिली. शेतकऱ्याला मिळाला तो कसण्याचा हक्क, आधी १५ वर्षांचा, नंतर ३० वर्षांचा.

देशाचे धान्योत्पादन १९७८ मध्ये सुमारे ३०.५ कोटी टन होते, ते १९८४ मध्ये ४०.७ कोटी टनांवर गेले. हे सगळे त्या अंगठ्यांचे फळ मानणे भाबडेपणाचे होईल. सरकारने १९७९ मध्ये धान्याच्या खरेदीचे दर २० टक्क्यांनी वाढवले होते, लेव्ही भरून वर दिलेल्या धान्याला आणखी जादा दर दिला होता. १९७३ च्या सुमारास परदेशातून मागवलेले खताचे तेरा मोठे कारखाने तोवर चालू झाले होते, आणि युआन लाँगपिंग यांचे संकरित भातही शेतात उतरले होते. बी, खत आणि भाव जुळून आले होते. राबणाऱ्याला स्वतःचा वाटा दिसू लागला, तेव्हा ते फळाला आले.

शेतीतून मोकळे झालेले हात गावातच उभ्या राहिलेल्या छोट्या कारखान्यांत गेले. हे ‘गाव-निमशहरी उद्योग’ कागदोपत्री सामूहिक मालकीचे होते. १९७८ मध्ये त्यांत २.८ कोटी माणसे होती, १९९६ पर्यंत ती १३.५ कोटी झाली. हे असे फोफावतील अशी आपली कल्पनाच नव्हती, असे डेंग यांनी १९८७ मध्ये स्वतः सांगितले. यांतले कित्येक कारखाने मुळात खासगी होते. खासगी मालकाला सातपेक्षा जास्त नोकर ठेवता येत नसत, कारण आठवा नोकर आला की शोषण सुरू होते असा मार्क्सच्या एका उदाहरणावरून काढलेला दंडक होता. मग मालक गावच्या समितीला काही रक्कम देऊन तिच्या नावाने नोंदणी करी. याला तिथे ‘लाल टोपी घालणे’ म्हणत. आन्हुईतल्याच वूहू शहरात न्यान ग्वांगज्यू हा फेरीवाला ‘वेड्याच्या बिया’ या नावाने कलिंगडाच्या भाजलेल्या बिया विकायचा आणि धंदा वाढता वाढता शंभरावर नोकर ठेवून बसला. प्रकरण थेट डेंग यांच्यापर्यंत गेले; त्यांनी तूर्त हात लावू नका, काय होते ते पाहू, असे सांगितले. खासगी उद्योगाला राज्यघटनेत जागा मिळाली ती १९८८ मध्ये.

खुलीकरणाचा चेहरा ठरलेले शहर म्हणजे हाँगकाँगला लागून असलेले शेन्झेन. १९७० च्या दशकात इथून हजारो लोक खाडी पोहून हाँगकाँगला पळत, कारण पलीकडच्या मजुरीपुढे अलीकडची मजुरी काहीच नव्हती. ग्वांगदोंग प्रांताचे तेव्हाचे पक्षप्रमुख शी झोंगशुन (आजचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांचे वडील) यांनी प्रांताला परकीय भांडवलाशी परस्पर व्यवहार करण्याची मुभा मागितली. ऑगस्ट १९८० मध्ये शेन्झेन, झुहाई, शान्तोउ आणि फुजियानमधील श्यामेन अशी चार विशेष आर्थिक क्षेत्रे कायद्याने अस्तित्वात आली. शेन्झेनमधल्या शेकोउ बंदरावर तर कामाला १९७९ मध्येच हात लागला होता. तिथे माती वाहणाऱ्या ट्रकचालकांना ठरलेल्या खेपांवरच्या प्रत्येक खेपेला ४ फेन, म्हणजे युआनचा पंचविसावा हिस्सा, बक्षीस मिळू लागला आणि खेपा भराभर वाढल्या. वरून आदेश येऊन हे बक्षीस बंद पडले, आणि ते पुन्हा चालू व्हायला पक्षाचे वरिष्ठ नेते हू याओबांग यांना लक्ष घालावे लागले. जमिनीचेही तसेच. १ डिसेंबर १९८७ रोजी शेन्झेनने एका भूखंडाच्या वापरहक्काचा जाहीर लिलाव केला तेव्हा असा व्यवहार घटनाबाह्य होता. घटना बदलली ती पुढच्या एप्रिलमध्ये.

निर्यातीसाठी वेगळा पट्टा आखण्याची कल्पना चीनची नव्हे. गुजरातेतील कांडला येथे १९६५ मध्ये आणि मुंबईत अंधेरीला सीप्झ १९७३ मध्ये सुरू झाले होते. फरक आवाक्याचा आहे. सीप्झ अर्धा चौरस किलोमीटरही भरत नाही; शेन्झेनचे क्षेत्र सुरुवातीलाच सव्वातीनशे चौरस किलोमीटरांच्या वर होते आणि त्यात कर, मजुरी, जमीन असे सगळेच नियम वेगळे लावून पाहायची मोकळीक होती. भारताने २००५ मध्ये सेझचा (विशेष आर्थिक क्षेत्रांचा) कायदा केला तो चिनी नमुना डोळ्यांसमोर ठेवूनच. पण रायगड जिल्ह्यातील महामुंबई सेझ शेतकऱ्यांच्या विरोधापुढे बारगळले. पेण तालुक्यातल्या गावांत २००८ मध्ये त्यावर सार्वमतही घेतले गेले. चिनी शेतकऱ्याच्या नावावर सातबारा नव्हता. त्याची जमीन गेली की मोबदला ठरवणारी आणि ती पुढे विकणारी यंत्रणा एकच असे. ग्वांगदोंगमधल्या वूकान गावाने २०११ मध्ये याविरुद्ध उठाव केला तो जगभर गाजला, पण तसे गाजणे अपवादानेच घडले.

किमतींच्या बाबतीत चीनने सोव्हिएत संघापेक्षा वेगळी वाट धरली. कारखान्याने योजनेतला कोटा सरकारी दराने द्यायचा आणि वरचा माल बाजारभावाने विकायचा, अशी दुहेरी पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून चालली. उत्पादन वाढत गेले तसा सरकारी हिस्सा आपोआप किरकोळ ठरला. मात्र दोन दरांतल्या तफावतीवर अधिकारी आणि त्यांचे सगेसोयरे गब्बर झाले. १९८८ मध्ये किमती एकदम मोकळ्या करण्याचा बेत जाहीर होताच लोकांनी दुकाने रिकामी केली आणि महागाई १८ टक्क्यांवर गेली. १९८९ च्या वसंतात तिआनानमेन चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांच्या मागण्यांत लोकशाहीबरोबर या भ्रष्टाचाराचाही मुद्दा होता. जूनमध्ये लष्कराने ते आंदोलन चिरडले. नंतरची दोन वर्षे सुधारणा अडगळीत पडल्या होत्या. १९९२ च्या आरंभी ८७ वर्षांच्या डेंग यांनी वूचांग, शेन्झेन, झुहाई, शांघाय असा दौरा करून त्या पुन्हा रुळावर आणल्या, आणि त्याच वर्षी ‘समाजवादी बाजार अर्थव्यवस्था’ हे पक्षाचे अधिकृत उद्दिष्ट झाले.

पुढच्या दशकावर आधी उपपंतप्रधान आणि मग पंतप्रधान झालेल्या झू रोंगजी यांची छाप आहे. १९९४ च्या करसुधारणेने महसुलातला केंद्राचा हिस्सा २२ टक्क्यांवरून एका झटक्यात ५६ टक्क्यांवर नेला. खर्च मात्र स्थानिक सरकारांच्याच गळ्यात राहिला, आणि तो भागवायला त्यांनी जमीन विकण्याचा मार्ग धरला. अधिकाऱ्याची बढती आपल्या भागातल्या वाढीच्या आकड्यावर अवलंबून असल्याने प्रत्येक शहराला स्वतःचा औद्योगिक पट्टा, विमानतळ आणि रुंद रस्ते हवेसे झाले. तोट्यातले सरकारी कारखाने १९९७ नंतर विकले वा बंद केले गेले. ईशान्येकडच्या जुन्या औद्योगिक शहरांसह देशभर अडीच कोटींहून अधिक कामगारांची नोकरी गेली. घर, दवाखाना, पेन्शन हे सारे कारखान्यातूनच मिळत असल्याने तेही डळमळले.

११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. त्या वर्षी २६६ अब्ज डॉलर असलेली निर्यात २००८ मध्ये सुमारे १,४३० अब्ज डॉलरवर गेली. हा माल बनवणारे हात खेड्यातून आलेल्या स्थलांतरितांचे होते. १९५८ पासूनच्या ‘हुकोउ’ या कुटुंबनोंदणीमुळे त्यांना शहरात काम मिळे, पण मुलांची शाळा, दवाखाना आणि पेन्शन गावच्या नोंदीला बांधलेली असत. म्हणून आईबाप शेन्झेनला कारखान्याच्या खोलीत आणि मुले आजीआजोबांकडे, असे कोट्यवधी संसार चालले. १९९३ मध्ये शेन्झेनमधल्या एका खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा खिडक्यांना गज आणि दारे बंद असल्याने ८७ कामगार मेले. बहुतेक तरुण मुली होत्या. चीनची स्वस्ताई मोजताना हा हिशेब सहसा धरला जात नाही.

जागतिक बँकेच्या मोजमापानुसार या चार दशकांत जवळपास ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले. इतिहासात असे दुसरे उदाहरण नाही. वाढीचा वेग २०१० नंतर मंदावला. २००८ च्या जागतिक मंदीत सरकारने ४ लाख कोटी युआनचे पॅकेज आणले, त्यातून जलदगती रेल्वेचे जाळे विणले गेले आणि स्थानिक सरकारांवर कर्जाचा डोंगरही चढला. २०२१ मध्ये एव्हरग्रँड ही बांधकाम कंपनी कर्ज फेडू शकली नाही तेव्हा जमीनविक्रीवर चाललेला हा गाडा अडखळला. १९८० ते २०१५ या काळातील एक-अपत्य धोरणाचे परिणामही आता पुढे आले आहेत : २०२२ पासून लोकसंख्या घटते आहे. जानेवारी २०२५ पासून निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने वाढवले जात असून पंधरा वर्षांत ते पुरुषांसाठी ६० वरून ६३ होईल, तर कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी ५० वरून ५५.